बाजीला अहो-जाहो

उंटाला ओठ फार असतात. बघणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. त्याला मान दिसते, मदार दिसते, ऐटीतली चाल दिसते. पण ज्याला उंटाच्या तोंडी मराठी घालायचं आहे त्याला ओठांशिवाय दुसरं काही दिसत नाही. वरचा ओठ मधोमध चिरलेला, खालचा लोंबणारा, आणि दोन्ही सतत कामात. उंटाचं बोलणं संपलं तरी ओठांचं संपत नाही. मी आयुष्याची बरीच वर्षं परदेशी कार्टूनपटांचे मराठी संवाद लिहिण्यात घालवली. मासे लिहिले, अस्वलं लिहिली, एक रागीट किटली लिहिली. उंटाइतकं कुणी छळलं नाही.

ओळखीचे लोक विचारतात, "म्हणजे भाषांतर करता ना?" मी हो म्हणते, कारण पुढचं सांगायला वेळ लागतो. इथे जागा आहे तर सांगते. पडद्यावरचं तोंड जेवढा वेळ उघडं आहे तेवढ्यातच मराठी वाक्य सुरू होऊन संपलं पाहिजे. एवढं बहुतेकांना अंदाजाने कळतं. न कळणारी गोष्ट म्हणजे प, फ, ब, भ, म. शाळेच्या व्याकरणात यांना ओष्ठ्य वर्ण म्हणतात, कारण ओठ मिटल्याशिवाय ते निघत नाहीत. पडद्यावर ओठ मिटले आणि कानावर 'क' आला तर लहान मुलालाही काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. काय चुकलं ते सांगता येत नाही एवढंच. म्हणून उंट ओठ मिटून नकार देत असेल तर 'नाही' लिहून चालत नाही, 'मुळीच नाही' लिहावं लागतं. 'हो' चालत नाही, 'बरं' चालतं. घरी मी पडद्यासमोर बसून अशी वाक्यं पुटपुटत असे. स्वयंपाकाला येणाऱ्या बाई एकदा हळूच म्हणाल्या, "वहिनी, कसला जप धरलाय? मलाही सांगा, सुनेसाठी पाहिजे."

गिऱ्हाइकंही एकेक असत. एका वाहिनीच्या तरुण अधिकाऱ्याने मला बजावून सांगितलं होतं की मगर गावाकडची भाषा बोलली पाहिजे.

"का बरं?" मी विचारलं.

"व्हिलन आहे ना ती."

"मी पुण्यातली आहे," मी म्हटलं. "आमच्याकडचे व्हिलन फार शुद्ध बोलतात."

त्यांना विनोद कळला की नाही माहीत नाही, पण मगर मला हवी तशी लिहू दिली. ती प्रत्येक भक्ष्याला "आपण जेवायला थांबणार ना?" असं अदबीने विचारत असे. मुलं त्या मगरीला जेवढी घाबरली तेवढी आरडाओरडा करणाऱ्या कुठल्याच जनावराला घाबरली नाहीत.

मगरीचं सोंग 'आपण' या शब्दावर उभं होतं, आणि आमच्या कामातली ओठांहून अवघड गोष्ट हीच. मूळ भाषेत समोरच्यासाठी एकच शब्द असतो. राजाला तोच, कुत्र्याला तोच, आईला तोच, चोरालाही तोच. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. दोन पात्रं पहिल्यांदा समोरासमोर आली की कोण कुणाला अरे म्हणणार आणि कोण कुणाला अहो, हे मलाच ठरवावं लागे, आणि मूळ संवादात त्याचा मागमूस नसे. एकदा एका मासोळीने आपल्या नवऱ्याला अहो म्हणावं की अरे, यावर मुंबईच्या कंपनीशी माझं अर्धा दिवस बोलणं चाललं. शेवटी तिकडचे एक गृहस्थ म्हणाले, "मासे मॉडर्न आहेत. अरे म्हणू दे." तसं झालं.

मी हे सगळं बाजीसाठी सांगते आहे. बाजी नावाच्या धावपटू उंटाचे दोन चित्रपट मी लिहिले. त्याचं मूळ नाव वेगळं होतं, पण ते उच्चारताना पात्रांचे ओठ मिटून उघडत, म्हणून मी त्याला बाजी केलं. दोन्ही चित्रपटांत बाजीला आवाज दिला दिनकर ओव्हाळने. दिनकर माझा नवरा. तो जाऊन आता वर्ष होत आलं.

दिनकर मला भेटला तो मार्केट यार्डाजवळच्या एका इमारतीच्या तळघरातल्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे गाद्यांनी मढवलेली एक लहान खोली, मध्ये जाड काच, काचेच्या अलीकडे यंत्रांपुढे रेकॉर्डिस्ट. त्या वेळी सुहास नुकता रेकॉर्डिस्ट म्हणून लागला होता. दिनकर खडकीहून यायचा, दिवसा नोकरी, संध्याकाळी कामगारांच्या नाट्यस्पर्धेची तालीम, आणि सुट्टीच्या दिवशी आवाजाचं काम. त्या दिवशी एक वाक्य चुकलं आणि सुहास माइकवरून म्हणाला, "ए ओव्हाळ, परत घे." दिनकरने हेडफोन काढून नीट खुंटीला लावले, दार उघडून बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला, "हे बघा, अहो ओव्हाळ म्हणा, नाहीतर दिनकर म्हण. अधलंमधलं नको."

सुहास गडबडला. मग म्हणाला, "बरं, दिनकर. परत घेतोस का?"

"घेतो ना," दिनकर म्हणाला आणि आत गेला. दोघांची मैत्री तिथून सुरू झाली ती शेवटपर्यंत. मी कोपऱ्यात कागद घेऊन बसले होते. मी काही दिवस त्याला अहो ओव्हाळ म्हणत राहिले. मग दिनकर म्हणायला लागले आणि मग लग्न केलं. माझ्या सदाशिव पेठेतल्या माहेरी त्यावर काय झालं ते सांगण्याची ही जागा नाही. खडकीला मात्र माझ्या सासूबाईंनी एकच गोष्ट सांगितली: "नवऱ्याला अरे म्हणतीस ते म्हण. फक्त त्याच्या वडलांसमोर नको. त्यांना सगळं जग अरे म्हणतं, घरात तरी तो शब्द नको त्यांच्या कानावर."

सासरे मजुरी करत. मुकादमापासून कोपऱ्यावरच्या दुकानदारापर्यंत सगळे त्यांना 'ए ओव्हाळ' म्हणत, केस पांढरे झाले तरीही. दिनकरने हे मला स्वतः कधी सांगितलं नव्हतं. त्याचं ते 'अधलंमधलं नको' कुठून आलं ते मला सासूबाईंमुळे कळलं.

पहिला बाजी आला तेव्हा दिनकर चाळिशीच्या पुढे होता, पण आवाज पंचविशीचा. पहिल्या चित्रपटात बाजी वाळवंटातली मोठी शर्यत जिंकतो. धावतानाचा त्याचा दम, उडीच्या वेळचा हुंकार, पडल्यावरचं कण्हणं, हे सगळंही मराठीत दिनकरनेच दिलं होतं. वाचकांना वाटेल, धापेला भाषा कशाला? पण धापही आवाजाचीच असते. वाक्य एकाचं आणि धाप दुसऱ्याची असली की कानाला कळतं. दिनकर तळघराचा जिना पळत चढून-उतरून, तसाच काचेपलीकडच्या बूथमध्ये शिरून धाप टाकायचा. सुहास म्हणायचा, "अरे, अभिनय कर की! खरं कशाला पळतोस?" तो चित्रपट टीव्हीवर इतक्यांदा लागला की बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीतली मुलं त्याला खालून हाका मारायची, "ए बाजी, आवाज काढ ना!" आणि हा गॅलरीत जाऊन उंटासारखा ओरडायचा. समोरच्या इमारतीतल्या एका सद्गृहस्थांनी पाटीच लावली: 'येथे माणसे राहतात.'

दुसरा बाजी येईपर्यंत ती मुलं नोकरीला लागली. त्यांतलाच एक दाढीवाला मुलगा एके दिवशी जिन्यात म्हणाला, "काका, लिफ्ट बंद आहे. तुमची पिशवी द्या, मी नेतो." दिनकरने पिशवी दिली, कारण तोवर त्याच्याने जिना होत नव्हता. फुप्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार होता. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की हे मागे फिरणारं नाही, सावकाश करता येईल. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते दिवसभर घुमत असे, आणि आम्ही त्याच्या वर आवाज काढून बोलायला शिकलो होतो.

दुसऱ्या चित्रपटात बाजी म्हातारा व्हायला लागला आहे. गुडघे कुरकुरतात, दम लागतो, शर्यतीचे आयोजक त्याला हार घालायला बोलावतात, धावायला नाही. मैना नावाची एक तरुण सांडणी त्याच्याकडे शिकायला येते. आधी त्याला जुनाट समजते, त्याची थट्टा करते, मग हळूहळू त्याच्याकडून धावणं शिकते. शेवटच्या शर्यतीत दोघंही उतरतात. मैना जिंकते. बाजी शेवटचा, लोक उठून गेलेले, दिवस कलायला आलेला, आणि हा अजून अर्ध्या वाटेवर. तेव्हा मैना उलटी चालत येते आणि उरलेली वाट त्याच्या सोबतीने चालते. एवढीच गोष्ट.

कंपनीला दिनकरच्या आवाजाचा नमुना हवा होता. तो ऐकल्यावर त्यांचा सुहासला फोन आला की आवाज पार बदललाय, दुसरा कलाकार बघा. सुहास हे सांगायला घरी आला, तेही बराच वेळ चहावर काढून.

दिनकर नाकातली नळी सारखी करत म्हणाला, "आवाज बदललाय, कारण उंट म्हातारा झालाय. त्यांना कळव, या भूमिकेसाठी मी इतकी वर्षं तयारी करतोय."

सुहास हसला नाही. "जमेल का तुला?"

"मला हा उंट पुरा करायचाय, सुहास. दुसरं काही पुरं होईल असं वाटत नाही. हा होईल."

सुहासने कंपनीला काय सांगितलं कोण जाणे, पण होकार आला. अट एकच होती: काम मध्येच अडकलं तर तोपर्यंतचं सगळं पुसून दुसऱ्याच्या आवाजात पहिल्यापासून करायचं. अर्धा बाजी एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा चालणार नव्हता. तेव्हा दिनकर पुरा करणार होता, नाहीतर त्यातलं काहीच उरणार नव्हतं.

मी संवाद लिहून दिनकरला वाचायला दिले. तो गॅलरीत बसून वाचत होता. मी आत भाजी निवडत होते.

"शैला," त्याने हाक मारली. "ही पोरगी मला अरे-तुरे का करतेय?"

"मैना? पहिल्या पिक्चरमध्ये सगळे बाजीला तूच म्हणायचे."

"तेव्हा बाजी त्यांच्या बरोबरीचा होता. ही काल आली. माझ्याकडे शिकायला आली."

"ओठ बसत नाहीत रे 'तुम्ही'ला. 'म'ला मिटायला हवेत, तिचे उघडेच आहेत."

"कुठे? दाखव." तो पानं उलटत राहिला. "इथे तर तिचं तोंड वाळूत आहे."

खरं म्हणजे बऱ्याच ठिकाणी ओठ बसत होते. बसवायचं म्हटलं असतं तर सगळीकडेच बसवता आले असते, तेच तर माझं काम होतं. मी गॅलरीत गेले.

"तू म्हातारा नाहीयेस," मी म्हटलं.

"मी नाही. बाजी."

"बाजीपण नाही."

त्याने मला खुर्ची जवळ ओढायची खूण केली. त्याला सलग बोलता येत नसे, दोन-तीन शब्दांनी थांबावं लागे. "अहो म्हणजे म्हातारा, हे तुला कुणी सांगितलं?" तो म्हणाला. "अण्णांना कुणी अहो म्हटलं असतं तर ते काही म्हातारे झाले नसते. उलट जरा ताठ चालले असते." आणि थोड्या वेळाने, "अहो म्हणजे, तुम्ही इथवर चालत आलात, ते मला दिसतंय. एवढंच गं."

आपल्या वडिलांविषयी त्याला एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी कागद परत घेतले आणि आठवडाभर बसून मैनाची सगळी वाक्यं बदलली. सुरुवातीला तिला मी पुण्याचं 'आपण' दिलं: "आपणच का ते बाजी? पोस्टरवर जरा उंच वाटला होतात." तिथून ती 'तुम्ही'वर येते, आणि ते 'तुम्ही' पुढे पुढे मऊ होत जातं. लिहिताना माझ्या लक्षात आलं की 'तू'पेक्षा यात चढायला जास्त पायऱ्या आहेत.

शेवटचं वाक्य तेवढं मी बदललं नाही. मैना परत येते, बाजीशेजारी उभी राहते आणि मूळ भाषेत एक छोटा शब्द म्हणते. मी 'चल' लिहिलं होतं. इतका प्रवास झाल्यावर तरी तिने जवळचा शब्द वापरावा, असं मला वाटत होतं. या दृश्यात दोघंही पाठमोरी आहेत. पात्र पाठमोरं असलं की आम्हाला मोकळीक असते, ओठ दिसत नाहीत, काहीही लिहा. त्यामुळे इथे ओठांची सबब नव्हती. दिनकरने ते पान वाचलं आणि म्हणाला, "हे तुझं तू ठरव."

रेकॉर्डिंग सकाळी ठेवलं होतं, कारण सकाळी त्याचा श्वास जरा बरा असे. पण सकाळी मार्केट यार्डातले ट्रक आणि टेम्पो हॉर्न वाजवत बाहेर पडतात, आणि तळघराच्या भिंती त्याला पुरत नाहीत. मग बाजाराच्या सुट्टीचे दिवस धरले. ऑक्सिजनचं मशीन बूथमध्ये चालवता येत नव्हतं, त्याची घरघर माइकमध्ये येई. तेव्हा दिनकर बाहेर बसून भरपूर श्वास घ्यायचा, नळी काढायचा, आत जाऊन दोन-तीन वाक्यं बोलायचा, आणि काचेतून सुहासने अंगठा वर केला की परत बाहेर. नळी काढण्यापासून परत लावण्यापर्यंत मी खुर्चीच्या कडेवर बसलेली असे. हातातल्या कागदावरचा एक शब्दही वाचलेला नसे.

पहिल्या दिवशी सुहासने सवयीने वाक्यांमधले श्वास कापायला घेतले. रेकॉर्डिस्टचं ते नेहमीचं काम, दोन वाक्यांमध्ये कलाकाराचा श्वास ऐकू आला तर तो काढून टाकायचा. दिनकर बाहेर नळी लावून बसला होता, पण त्याचं लक्ष होतं.

"सुहास, कापू नकोस रे," तो म्हणाला. "कष्टाने घेतलाय."

सुहासने कापलेलं परत जोडलं. त्यानंतर त्याने एकही कापला नाही.

मैनाचा आवाज देणारी इरा कॉलेज संपवून नुकती या कामात आलेली मुलगी. आजकाल प्रत्येक कलाकार एकटाच येऊन आपापली वाक्यं बोलून जातो, समोरच्याचा आवाज हेडफोनमध्ये असतो. पण शेवटच्या दृश्यासाठी दिनकरने तिला सोबत बोलावून घेतलं. ती आली आणि दारातच म्हणाली, "गुड मॉर्निंग सर!"

"सर नको. माझ्यामागे फळा दिसतोय का?"

"मग काका?"

"काका चालेल. आत गेल्यावर बाजी."

"ओके काका. म्हणजे, ओके बाजी. म्हणजे आत गेल्यावर." ती स्वतःच हसली आणि तोही हसला, मग त्याला खोकला आला आणि आम्ही सगळे तो थांबेपर्यंत इकडेतिकडे बघत राहिलो.

दोघं आत गेली. सुहासने दृश्य सुरू केलं. पडद्यावर वाळू, कललेला सूर्य, बाजीची एकट्याची पाठ. मग दुसरी पाठ त्याच्या शेजारी येते. इरा म्हणाली, "चल."

सुहासने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काहीतरी नीट आलं नव्हतं. तिने परत म्हटलं. ते रिक्षावाल्याला म्हटल्यासारखं आलं. तिसऱ्यांदा म्हटलं ते अगदी लाडात आलं आणि वाईटच होतं. दिनकर तिच्या शेजारी भिंतीला हात लावून उभा होता. त्याची नळी बाहेर होती.

"मॅम," इरा माइकमधून म्हणाली, "सॉरी हं, पण अख्खा पिक्चर मी यांना अहो म्हणतेय आणि इथे एकदम चल? मला होतच नाहीये. काका शेजारी उभे आहेत ना."

"आता ती त्याच्या जवळ आली आहे," मी इकडून म्हटलं. "मनाने."

"हो, पण जवळ आली म्हणून अरे कशाला म्हणेल?"

मी दिनकरकडे पाहिलं. बोलणं त्याने राखून ठेवलं होतं. मी माइकचं बटण दाबलं. "तुला येईल तसं म्हण."

दृश्य पुन्हा सुरू झालं. दुसरी पाठ शेजारी आली. इरा जरा थांबली आणि म्हणाली, "चला."

हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला असेल. पण त्या काचेच्या अलीकडे बसून तो पहिल्यांदा नीट ऐकला. 'चल' म्हटलं तर समोरच्याने चालायचं. 'चला'मध्ये तुम्ही चला असतं, आणि त्याच शब्दात आपण दोघं चालू या हेही असतं. मान आणि सोबत दोन्हींना एकच रूप. मी इतकी वर्षं त्या दोघांपैकी एक निवडत बसले होते.

यावर मूळ चित्रपटात बाजी हसतो. छोटंसं, नाकातून. दिनकरला तेच करायचं होतं. त्याने हसायला सुरुवात केली आणि ते हसू पुरं झालंच नाही, अर्ध्यावरून ते श्वासावर आलं. आत ओढलेला लांब श्वास, त्याच्या शेवटी आजाराची ती बारीक करकर, आणि मग सोडलेला. पडद्यावर दोन उंट चालायला लागले होते. सुहासने यंत्र थांबवलं नाही. तो श्वास सगळा येऊ दिला.

मग रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला. मी दार उघडून नळी घेऊन आत गेले. इरा डोळे पुसत होती आणि दिनकरला आधार द्यावा की नाही हे तिला कळत नव्हतं.

नळी लावून झाल्यावर दिनकर काचेकडे वळला. "झालं?"

"झालं, दिनकर," सुहास म्हणाला.

"सुटलो बुवा उंटातून."

घरी येताना रिक्षात त्याने माझा हात धरून ठेवला होता आणि तो डोळे मिटून बसला होता. झोपला असावा असं मला वाटलं. बिबवेवाडीचा चढ लागल्यावर डोळे न उघडता म्हणाला, "पोरीने छान म्हटलं." त्यानंतर तो फार दिवस नव्हता.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी सुहासचा फोन आला. कंपनीने सगळं काम घेतलं होतं. वाक्यं जशीच्या तशी ठेवणार होते. शेवटच्या आवाजाबद्दल मात्र तिकडच्या लोकांचं म्हणणं असं, की तिथे शब्द नाही, मूळ चित्रपटातलं हसूच तिथे वापरावं, हा आवाज जरा जास्तच खराखुरा वाटतो, लहान मुलांचा चित्रपट आहे. सुहासने कळवलं होतं की तो पात्राचा श्वास आहे आणि तो काढू नये. शेवटचा हात मुंबईला फिरणार होता. काय ठेवतील ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

मला त्या एका श्वासाची एवढी काळजी का वाटावी, हे मी स्वतःलाही विचारलं. सगळा चित्रपटच त्याच्या आवाजात होता. पण बाकीची वाक्यं माझी होती, मी लिहिलेली, त्याने म्हटलेली. ते शेवटचं कुणीच लिहिलं नव्हतं.

चित्रपट लागला तेव्हा सुहास आणि मी सकाळच्या खेळाला गेलो. थिएटर लहान मुलांनी भरलेलं. माझ्या पुढच्या रांगेत एक चार-पाच वर्षांची मुलगी आईजवळ बसली होती आणि मैनाच्या प्रत्येक टोमण्याला मागे वळून सगळ्यांकडे बघून हसत होती. मी अंधारात दिनकरचा आवाज ऐकत बसले. दम लागलेला, थांबत थांबत बोलणारा बाजी. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उंट म्हातारा होता.

शेवटचं दृश्य आलं. वाळू, सूर्य, एक पाठ, मग दुसरी. मी खुर्चीचे दोन्ही हात धरले. मैना म्हणाली, "चला."

आणि सगळं थिएटर उठलं.

आमच्याकडे चला म्हटलं की उठायचंच असतं. आयांनी पर्सा उचलल्या, वडिलांनी मुलांचे हात धरले, खुर्च्या धडाधड मिटल्या, कुणाचे पॉपकॉर्न सांडले, कुणी "माझा बूट कुठाय" म्हणून रडायला लागलं. पडद्यावर दोघं अजून चालत होती. मला पडद्यावरून काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. सुहासकडे पाहिलं, त्याने हताशपणे मान हलवली. त्यालाही नव्हतं आलं. मला रडू यायला हवं होतं, पण हसू यायला लागलं. दिनकर असता तर हसून हसून त्याचा दम गेला असता.

पुढच्या रांगेतली मुलगी तेवढी उठली नव्हती. तिची आई तिचा हात ओढत होती.

"चल गं पिंकू, संपलं."

"नाही संपलं. थांब ना, आई."

"रिक्षा मिळणार नाही मग. चल."

"अगं, बाजी दमलाय!" मुलगी खुर्चीला धरून म्हणाली. "ऐक ना. किती दमलाय तो."

पडद्यावर नुसते दोन पाठमोरे ठिपके होते, लांब, वाळूत. कुणी दमलं आहे हे त्यावरून कळायला काही मार्ग नव्हता. मूळचा उंट त्या जागी हसतो.

"बसा हो दोन मिनिटं," मी तिच्या आईला म्हटलं. "तिचं बरोबर आहे."